बुजऱ्या गोऱ्ह्याला माया, बुजऱ्या लेकराला मार?

तीन वर्षांपूर्वीच्या पोळ्याची गोष्ट आहे. आदल्या दिवशी खांदेमळण झालेली, बैलं धुतलेली, शिंगं रंगवलेली. गावातली सगळी जनावरं तोरणाखाली उभी. पोरांनी वर्गणी काढून तालुक्याहून डीजे आणला होता. माझा नातू तेव्हा चार वर्षांचा. त्याला नवाकोरा सदरा घातला, डोक्यावर टोपी ठेवली आणि मोठ्या हौसेनं खांद्यावर घेऊन मी वेशीत गेलो.

डीजेनं पहिला दणका दिला आणि पोरगं खांद्यावरच तडफडायला लागलं. दोन्ही हात कानावर, डोळे गच्च मिटलेले, टाहो असा की ऐकवेना. खाली उतरवलं तर धुळीत लोळण घेतली. सदरा ओरबाडून काढला. उचलायला गेलो तर मनगटाला कडकडून चावलं. चार माणसं जमली. एक म्हणाला, "लाडानं बिघडवलंय." दुसरा म्हणाला, "एकदा चांगला वाजवा, पुन्हा नाव काढणार नाही." चारचौघांत शोभा झाली म्हणून मी त्याच्या दोन मुस्काटात दिल्या. त्यानं तो गप्प झाला नाही. भडाभडा ओकला.

थोड्या वेळानं आमचा नवा गोऱ्हा त्याच आवाजाला बुजला. कासरा हिसडून मागं सरायला लागला. तेव्हा मी काय केलं? मानेवरून हात फिरवला, चुचकारलं, डोळ्यांवर उपरणं टाकलं आणि जुन्या बैलाच्या आडोशानं मागच्या गल्लीतून त्याला घरी आणलं. दारात सून उभी होती, लेकराला पोटाशी धरून. ती माझ्यासमोर मोठ्यानं कधी बोलत नाही. त्या दिवशी बोलली, "मामा, गोऱ्ह्याला तुम्ही आडवाटेनं आणलं. माझ्या लेकराला का नाही आणलं?"

माझ्याजवळ उत्तर नव्हतं. उत्तर शोधता शोधता तीन वर्षं गेली. जे कळलं ते तुमच्यापुढं ठेवतो, कारण असं लेकरू फक्त माझ्याच घरात आहे असं मला वाटत नाही.

हट्ट नव्हे, त्रास

शाळेत आपण पाच ज्ञानेंद्रियं शिकलो. डॉक्टर आणखी दोन संवेदना सांगतात. एक तोलाची, तिचं ठाणं आतल्या कानात. दुसरी सांध्यांची आणि स्नायूंची. डोळे मिटले तरी आपला हात कुठं आहे हे आपल्याला कळतं, ते हिच्यामुळं. ह्या सगळ्या वाटांनी मेंदूकडं सारखी खबर जात असते. कोणती खबर आत घ्यायची, कोणती सोडून द्यायची, हे मेंदू ठरवतो. तुम्ही हे वाचताय तेव्हा अंगातल्या बनियनचा स्पर्श तुम्हाला जाणवत नाही, कारण मेंदूनं ते दार लावलेलं आहे.

म्हणजे मेंदूचं काम रात्री दारं धरणाऱ्या गड्यासारखं. ह्या सरीला पाणी सोड, त्या वाफ्याचं बंद कर. काही लेकरांत हे दारं धरणं जमत नाही. आवाजाचं दार सताड उघडं राहतं आणि बांध फुटतो. जो मिक्सर आपल्याला नुसता घरघरतो, तो त्याला कानात खिळा ठोकल्यासारखा लागतो. नव्या सदऱ्याची शिवण काट्यासारखी टोचते. मेथीच्या वासानं पोट ढवळतं. न्हाव्याची कात्री कानाजवळ आली की जीव घाबरा होतो. ते लेकरू नाटक करत नाही. त्याला खरोखर तसं लागतं.

दुसऱ्या तऱ्हेची लेकरं ह्याच्या उलट असतात. त्यांची दारं पुरती उघडतच नाहीत. पडलं, खरचटलं तरी रडत नाहीत. हाक मारली तरी वळत नाहीत. तिसरी तऱ्हा म्हणजे दिवसभर उड्या, गरगर फिरणं, भिंतीला अंग घासणं, दिसेल ते तोंडात घालणं. एकाच लेकरात ह्या तिन्ही तऱ्हा मिसळलेल्या सापडतात. माझा नातू आवाजाला भितो आणि दिवसभर खाटेवरून उड्याही मारतो. आम्हाला वाटायचं, उड्या मारायला भीत नाही तर आवाजाला कसा भितो? म्हणजे सोंगच! तसं नाही. दोन दारं वेगळी आहेत.

शेतकऱ्याच्या घरात ही गोष्ट जिवावर बेतू शकते, म्हणून ठळक सांगतो. ज्या लेकराला दुखणं लवकर कळत नाही, त्याला कडबाकुट्टीजवळ, चुलीजवळ एकटं सोडू नका. जे दिसेल ते तोंडात घालतं, त्याच्या घरात फवारणीचं औषध कुलपात पाहिजे. उरलेलं औषध पाण्याच्या बाटलीत ओतून खिडकीत ठेवायची आपली खोड आजच मोडा. आवाजाला घाबरून जे धूम ठोकतं, त्याच्यासाठी विहिरीला कठडा पाहिजे आणि शेततळ्याला कुंपण पाहिजे. माती खाणाऱ्या लेकराचं रक्तही तपासून घ्या. अंगात लोह कमी असलं तरी पोरं माती खातात.

अंगारे-धुपारे आणि सुनेचा दोष

पोळ्याच्या आधी आमच्या घरात काय चाललं होतं तेही सांगतो, लाज वाटली तरी. सगळा दोष सुनेचा. वळण लावता येत नाही, सारखी कडेवर घेते, मोबाइल देते. उचलली जीभ लावली टाळ्याला! बिचारी रात्री लेकरू निजल्यावर रडायची. शेवटी आम्ही पोराला एका देवऋष्याकडं नेलं. त्यानं अंगारा लावला आणि मिरच्यांची धुरी दिली. ज्या लेकराला फोडणीचा वास सोसत नाही, त्याला मिरचीचा धूर! चार दिवस ते जेवलं नाही.

मंडळी, भूत काढायच्या नावाखाली कुणाला मारणं, बांधणं, मिरचीची धुरी देणं हा महाराष्ट्रात गुन्हा आहे. २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा त्यासाठीच आहे. कायदा नसता तरी एवढी अक्कल आम्हाला असायला हवी होती. दुखणं म्हशीला अन् इंजेक्शन पखालीला, असा तो प्रकार.

वाट दाखवली ती अंगणवाडीच्या ताईंनी. त्यांच्या लक्षात आलं होतं की कुकरची शिट्टी झाली की हा टेबलाखाली जातो आणि गोल करून बसवलं की शेजारच्या पोराचा धक्का लागताच ओरडतो. त्यांनी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाला दाखवलं. ही योजना फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघरहून सुरू झाली. जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी त्यात आहे. पथकानं वर्षातून दोनदा अंगणवाडीत आणि एकदा शाळेत यायचं असतं. जन्मजात व्यंग, आजार, जीवनसत्त्वांची कमतरता ह्यांच्या जोडीला वाढीतला उशीरही ते पाहतात आणि गरज वाटली तर जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात पाठवतात. आम्हाला तिथं पाठवलं.

तिथं आधी कान तपासले, डोळे तपासले, रक्त तपासलं. हे बरोबरच. कानात दोष असला तर बाकीचं बोलून काय उपयोग? मग स्वमग्नता, म्हणजे ऑटिझम, आहे का ते पाहिलं. आमच्या नातवाला ते नव्हतं. डॉक्टरांनी समजावून सांगितलं की स्वमग्न मुलांत संवेदनांचा हा गोंधळ फार आढळतो, पण असा गोंधळ असलेलं प्रत्येक मूल स्वमग्न नसतं. निवाडा तपासणीनंच करायचा, पारावर बसून नव्हे.

आणखी एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. ह्या त्रासाला स्वतंत्र आजार म्हणायचं की नाही, ह्यावर डॉक्टरांत एकमत नाही. अमेरिकेतल्या मानसोपचार तज्ज्ञांच्या २०१३ च्या आजारांच्या यादीत त्याला वेगळं नाव नाही. तिथं तो स्वमग्नतेच्या लक्षणांत मोजला जातो. तिथल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनंही २०१२ मध्ये सांगितलं की उपचारांचे पुरावे अजून तोकडे आहेत आणि हे आई-बापांना स्पष्ट सांगावं. म्हणून कुणी "सहा महिन्यांत पोरगं ठणठणीत करतो, एवढे हजार भरा" म्हणालं तर सावध राहा. बोगस बियाण्यानं आपण पोळलेलो आहोत. उगवणीची शंभर टक्के हमी कोण देतो हे आपल्याला कळतं. पण नाव काय द्यायचं ह्यावर वाद असला म्हणून लेकराचा त्रास खोटा ठरत नाही.

गुरांची भाषा कळलेली बाई

ह्या विषयाची मांडणी करणाऱ्या बाईंचं नाव जीन एअर्स. त्या कॅलिफोर्नियात ऑक्युपेशनल थेरपिस्ट होत्या. १९७२ मध्ये त्यांचं पुस्तक आलं आणि संवेदनांचा मेळ बसवण्याचा विचार जगभर पोचला. ऑक्युपेशनल थेरपी म्हणजे रोजच्या कामांतून, खेळांतून माणसाला त्याच्या पायावर उभं करण्याची विद्या. ती आपल्याकडं आणली कमलाबाई निंबकरांनी. जन्मानं अमेरिकन, पण लग्न करून इथल्याच झाल्या. १९५० मध्ये मुंबईच्या केईएम रुग्णालयात त्यांनी ह्या विद्येची शाळा सुरू केली. फलटणचे शेतीसंशोधक बनबिहारी निंबकर हे त्यांचेच चिरंजीव. तेव्हा ही विद्या आपल्या मातीला परकी नाही.

पण मला सगळ्यात पटली ती टेंपल ग्रँडिन ह्या बाईंची हकिगत. १९४७ चा जन्म, अमेरिकेत. साडेतीन वर्षांच्या होईपर्यंत बोलत नव्हत्या. त्या स्वमग्न आहेत. मोठा आवाज आणि टोचरे कपडे त्यांना लहानपणी सोसायचे नाहीत. नात्यातल्या एका बाईंच्या गुरांच्या वाड्यात त्यांनी पाहिलं की लस टोचताना गुरांना दोन्ही बाजूंनी दाबून धरणारा खोडा असतो आणि तो दाब बसला की काही जनावरं शांत होतात. त्यांनी स्वतःसाठी तसा खोडा बनवला. पुढं त्या जनावरांच्या शास्त्राच्या प्राध्यापक झाल्या. गुरं कशाला बुजतात हे त्यांनी गुरांच्या उंचीवरून पाहिलं. लोंबणारी साखळी, जमिनीवर पडलेली सावली, कुंपणावर फडफडणारा सदरा, असल्या बारीक गोष्टींना जनावर थबकतं. त्या हलवल्या की काठी लागत नाही. अमेरिकेतल्या कितीतरी ठिकाणी गुरं हाताळायच्या वाटा त्यांनी आखून दिल्या.

सुनेनं मला विचारलं होतं ते ह्याहून वेगळं काय होतं? जनावर बुजलं तर आपण आधी ते कशाला बुजलं हे शोधतो. लेकरू बुजलं तर आपण हात उगारतो.

आम्ही काय केलं

महिन्यातून एकदा सून लेकराला घेऊन एसटीनं जिल्ह्याला जायची. तिथल्या बाईंनी घरी करायच्या गोष्टी सांगितल्या. त्यांना फारसा खर्च लागला नाही, धीर मात्र पुष्कळ लागला.

मिक्सर लावायच्या आधी त्याला विचारायचं, "आता लावू का?" त्यानं मान हलवली की लावायचा. आवाज होणार हे आधी कळलं तर त्याला अर्धा कमी लागतो. शाळेचा नवा गणवेश चार-पाच वेळा धुऊन मऊ करायचा, मानेवरची चिठ्ठी कापून टाकायची आणि आतून जुनी बंडी घालायची. हलका स्पर्श अशा लेकराला जास्त झोंबतो, सावकाश आणि भक्कम हात त्यापेक्षा सोसतो. म्हणून केस कापायच्या आधी त्याची आजी तळहातानं डोकं जरा दाबून देते. मात्र त्याला नको असेल तर बळजबरी नाही. जेवणात भाजी ताटाच्या कडेला नुसती ठेवायची. आज वास, उद्या बोट, परवा जीभ. कोंबायची नाही. दोडक्याला सात महिने लागले. भेंडी अजून चालत नाही. न चालू दे.

त्याला थोडं जड काम दिलं की त्याचं चित्त जाग्यावर येतं. वासरांसाठी छोट्या कळशीत पाणी न्यायचं, कणीक मळायची, रिकामी पाटी ढकलायची. पाच-दहा मिनिटं, खेळ म्हणून. ह्याला मजुरी समजू नका आणि मजुरी करूही नका. आणि लपायला त्यानं स्वतःच जागा शोधली, कोठीच्या मागं. आधी आम्ही तिथून त्याला ओढून काढायचो. आता तिथं गोधडी अंथरून ठेवलीय. आपलं आपण निवलं की बाहेर येतो.

आज तो सात वर्षांचा आहे, जिल्हा परिषदेच्या शाळेत जातो. चमत्कार झालेला नाही. डीजे अजून सोसत नाही, लग्नाच्या मांडवात अजून बसवत नाही. पण चावत नाही. "आजा, मला तरास होतोय," असं तोंडानं सांगतो. आणि मोटर हवा ओढायला लागली तर घरात सगळ्यांआधी त्याला ऐकू येतं. दोनदा त्याच्या कानामुळं माझा पंप वाचला.

काही जुनी मंडळी म्हणतात, आमच्या काळी असली थेरं नव्हती. होती हो! आपण त्यांना 'येडं', 'खुळं' म्हणायचो आणि रानात गुरांमागं धाडून द्यायचो. त्यांची शाळा सुटली, कुणाचं लग्न झालं नाही. रानात तेवढी शांतता तरी होती. आता गावात डीजे आहे, फटाके आहेत, ट्रॅक्टरवर गाणी आहेत. लपायला जागा राहिली नाही.

गावानं काय करावं

सरपंच, ग्रामपंचायत अधिकारी (आपण अजून ग्रामसेवकच म्हणतो), अंगणवाडीताई, आशाताई आणि गुरुजी, आता तुमच्याशी बोलतो.

पहिली गोष्ट. तपासणी पथक येण्याचा दिवस आधी कळवा. गावाचा मोबाइलवरचा ग्रुप आहे, पंचायतीचा भोंगा आहे. पोराबरोबर आई किंवा बाप तिथं हवेत, कारण परक्यासमोर पोरगं गप्प बसतं आणि कागदावर 'ठीक' असा शेरा पडतो. केंद्राच्या महिला व बालविकास खात्यानं नोव्हेंबर २०२३ मध्ये अंगणवाडीतल्या दिव्यांग मुलांसाठी कार्यपद्धती काढली आहे. लवकर ओळखायचं, अंगणवाडीत सामावून घ्यायचं आणि पुढं पाठवायचं, हा तिचा गाभा आहे. ती कपाटात ठेवू नका.

दुसरी गोष्ट. ग्रामपंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नातला ५ टक्के निधी दिव्यांगांसाठी आहे. मार्चअखेरीस घाईघाईनं तो वाटून मोकळं होऊ नका. कुणाला काय हवंय ते आई-बापांना विचारा. २०१६ च्या दिव्यांग कायद्यात २१ प्रकार आहेत. त्यांत स्वमग्नता आहे, पण नुसता संवेदनांचा त्रास नाही. म्हणजे माझ्या नातवासारख्या लेकराला प्रमाणपत्र मिळणार नाही. त्यांच्यासाठी निधी नसला तरी माणुसकी आहे. जिल्ह्याला गाडी निघाली तर त्यात एका आईला जागा द्या. तिचा त्या दिवसाचा रोज बुडतो, वर तिकीट तरी वाचेल.

तिसरी गोष्ट, आवाज. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणं शाळा, दवाखाने ह्यांच्या भोवतीचं १०० मीटरपर्यंतचं अंतर शांतता क्षेत्र धरता येतं. रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर भोंगा वाजवायला बंदी आहे, वर्षातले सरकारनं ठरवून दिलेले मोजके दिवस सोडून. पोलीस पाटलांनी हे दरवेळी सांगावं. सण बंद करा असं मी म्हणत नाही, मीही पोळा साजरा करतो. पण मिरवणूक कोणत्या गल्लीतून, किती वाजता जाणार, हे आदल्या दिवशी फळ्यावर लिहा. म्हणजे ज्यांच्या घरात असं लेकरू, तान्हं बाळ किंवा आजारी म्हातारं आहे, ते आपली सोय करतील.

चौथी गोष्ट गुरुजींना. शाळेत मारायला २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या १७ व्या कलमानं बंदी आहेच. त्याच्या पुढं जाऊन एवढं करा. अशा लेकराला दारालगत किंवा भिंतीच्या कडेला बसवा, घंटेच्या खाली नको. मधूनच उठलं तर फळा पुसायला द्या, पुस्तकं न्यायला सांगा.

ह्यातल्या कशालाही मंत्रालयातून आदेश यावा लागत नाही. एका ग्रामसभेत होण्याजोगं आहे.

गेल्या पोळ्याला आम्ही सकाळीच, डीजे लागायच्या आधी, मागच्या गल्लीतून वेशीत गेलो. मी, नातू आणि तो गोऱ्हा. आता तो चांगला बैल झालाय, औताला चालतो. नातवानं स्वतःच्या हातानं त्याला पुरणपोळी चारली. झूल नीट केली. दहा मिनिटं तोरणाखाली उभा राहिला आणि मग म्हणाला, "आजा, आता घरी." आम्ही घरी आलो. पोळा झाला.

तुमच्या गल्लीत, तुमच्या भावकीत, कदाचित तुमच्याच घरात असं लेकरू असेल. त्याच्यावर हात उचलण्याआधी एकदा आपल्या गोठ्यात जा. बुजलेल्या जनावराला कसं वागवायचं हे तुम्हाला कुणी शिकवायला लागत नाही. लेकराला तेवढंच द्या. आणि त्याच्या आईला दोष देणं थांबवा.